बदली माणूस

सोमवार, २

साइटवर रोज संध्याकाळी एक वही भरावी लागते. हवामान कसं होतं, माणसं किती आली, काम काय झालं, अडथळे कोणते. नोकरीला लागल्यापासून भरतोय, एक दिवस चुकवलेला नाही. घरासाठी मात्र अशी वही नाही. आज वाटलं, असायला हवी, म्हणून ही सुरू केली. बघू किती टिकते.

आज चहा गाळता गाळता ही म्हणाली, "बाईंचा फोन आला होता." बाई म्हणजे हिच्या जुन्या ऑफिसच्या आर्किटेक्ट. ही त्यांच्याकडे एस्टिमेटर होती. नकाशा पुढ्यात ठेवला की विटा किती, सिमेंट किती, रंग किती, सगळं काढून द्यायची आणि कुणाच्या बापाला त्यात चूक सापडायची नाही. मागच्या वर्षी माझ्या बाबांना झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, बोलणं अडखळायला लागलं, तेव्हा हिनं ते सोडलं. सोड असं कुणी म्हटलं नव्हतं.

बाईंना एका ग्रंथालयाच्या इमारतीचं काम मिळतंय आणि त्यांना ही परत हवी आहे. बरंचसं काम घरून चालेल, पण मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीनपासून ऑफिसात हजर राहायला लागेल. वीस तारखेला ग्रंथालयाच्या मंडळींपुढे हिनं हिशेब मांडायचा. तो पटला की हिचं काम पक्कं.

मी ताबडतोब म्हटलं, "घे की. नको कोण म्हणतंय?" किती नवरे इतक्या पटकन हो म्हणतील?

"आणि बाबांजवळ कोण?"

"बघू. करू काहीतरी."

ही गाळणं धूत राहिली. आनंद झाला असेल, पण हिच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही. पहिल्यापासून तसंच आहे.

बुधवार, ४

साइटवर सळ्या बांधायचं काम जोरात. हॉस्पिटलची इमारत आहे, आणि पायाचं जे अख्खं जाड काँक्रीट आहे ते एका दमात टाकायचं. मध्ये थांबलं की सांधा राहतो, आणि सांधा राहिला की जन्मभर पाणी झिरपतं. माझ्या साइटवर आजवर सांधा राहिलेला नाही. हे लिहिताना मान जरा ताठ होते, होऊ दे.

माझ्या हाताखाली चष्मिष आहे. इंजिनिअर पोरगी, हुशार, पण संध्याकाळ झाली की तिचं अर्धं लक्ष घड्याळात, कारण पाळणाघर बंद होतं. सकाळी माझ्या आधी येऊन बसलेली असते, त्याचं काय मोठंसं, घर जवळ आहे. आणि मामा, आमचा फोरमन. सगळ्या जगाचा मामा. माझ्यापेक्षा वयानं मोठा, तरी साहेब म्हणतो आणि मग मनाला येईल तेच करतो.

संध्याकाळी घरी बसून मी एक चांगलं काम केलं. मोठ्या कागदावर घराचा बार चार्ट काढला. साइटला काढतो तसाच. डावीकडे कामं, वर वार, पुढे रंगीत पट्ट्या, शेवटी अडथळ्यांचा रकाना. माझी पट्टी लाल, तिच्यात वाव नाही. हिच्या ऑफिसची हिरवी, तिला पुढेमागे सरकायला जागा. फ्रिजवर चिकटवला.

हिनं बराच वेळ पाहिला. "यात मी कुठे आहे?"

"तू? तू सगळीकडे आहेस."

"तेच म्हणतेय," ही म्हणाली आणि आत गेली.

बाबा काठी टेकत आले. चष्मा लावून त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या रकान्यापर्यंत वाचलं. जन्म औषधांच्या दुकानात गेला, त्यामुळे बाटलीवरचं बारीकातलं बारीक वाचायची सवय. आवडला असावा.

शुक्रवार, ६

पहिली दुपार पार पडली. अडीचला साइट सोडली. मामा फाटकाशी म्हणाला, "साहेब, इतक्या उजेडात तुम्हाला पहिल्यांदाच जाताना बघतोय."

बाबांना रबरी चेंडू दाबायचा व्यायाम आहे. मी घड्याळ लावून नीट करून घेतला. मध्ये मध्ये फोन करत होतो. सळ्यांखाली कव्हर ब्लॉक लावले का? झालंय साहेब. पंपवाल्याला विचारलं का? झालंय साहेब. आई म्हणायची, उंटावरून शेळ्या हाकू नयेत. पण शेळ्या आपापल्या चालल्यात हे कळलं की उंटावरच्यालाही करमत नाही. चौथ्या की पाचव्या फोनला बाबा म्हणाले, "तू... साइटवर जा. मी... झोपतो."

ही साडेसातला आली. जेवताना बोलत होती, आणि थांबतच नव्हती. कुणीतरी खिडक्यांचं क्षेत्रफळ दोनदा वजा केलं होतं, ते हिनं पहिल्या अर्ध्या तासात पकडलं. हातवारे करताना पाणी सांडलं तरी कळलं नाही. भाजीत मीठ नव्हतं, ते सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. बाबा मात्र तेवढ्या वेळात दोन घास जास्त जेवले.

मंगळवार, १०

आज जायला जमलं नाही. सळ्या तपासायला सल्लागार सकाळी येणार तो दुपारी उगवला. आता त्याला सोडून घरी कसा जाणार? पण मी काही बेजबाबदार नाही. कामावर एक गडी आला नाही तर बदली माणूस देतो, काम अडू देत नाही. मामाला म्हटलं, "मामा, आज माझ्या घरी बस. बाबांशी पत्ते खेळ." मामा हेल्मेट टेबलावर ठेवून गेला.

बाबांना मामा आवडला म्हणे. दोघं रमी खेळले. माणूस वेळेत पोचला, ही वेळेत निघाली. तरी आल्यापासून हिचा अबोला आहे. मला कळत नाही, मी नक्की काय केलं.

बुधवार, ११

कळलं. सकाळी दाढी करताना ही मागे येऊन उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, बाबा आत झोपले होते म्हणून. काल परत आली तेव्हा दोरीवर बाबांचा पायजमा धुऊन वाळत घातलेला होता. हिनं धुतलेला नव्हता.

"बाबांना उठायला वेळ लागतो. त्यांना सांगायलाही वेळ लागतो. मला त्यांच्या डोळ्यांवरून कळतं. मामांना कसं कळणार?"

"मामानं काही कटकट केली का?"

"मामा एका शब्दानं बोलले नाहीत. धुऊन, पिळून, वाळत घालून गेले." थोडं थांबून म्हणाली, "बाबा काल रात्री माझ्याकडे बघत नव्हते."

मी म्हटलं, "अगं, पण माणूस तर दिला होता ना मी."

हिनं टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला आणि गेली. साबण सुकला तोंडावर.

साइटवर मामाला विचारलं, काल काही त्रास? म्हणाला, "तुमचे बाबा पत्त्यांत फसवतात." एवढंच. म्हणजे फार काही झालं नसणार.

शनिवार, १४

काँक्रीटची तारीख ठरली. प्लँटवाला म्हणाला, एवढ्या गाड्या एकदम हव्या असतील तर एकोणीस-वीसच मिळेल, नाहीतर पुढच्या महिन्यावर जाईल. मी हो म्हटलं. गुरुवारी सकाळी सुरू, शनिवारी पहाटेपर्यंत चालेल.

चष्मिष म्हणाली, "साहेब, शुक्रवारी दुपारी तुमचं घरचं असतं ना? आणि वीसला तर वहिनींचं—"

तिला कसं माहीत? बघतो तर माझं फोनवरचं बोलणं ऐकून भिंतीवरच्या कॅलेंडरवर सगळे मंगळवार-शुक्रवार तिनं माझ्यासाठी गोल करून ठेवलेत. म्हणजे पुढची सगळी कामं त्या दुपारी टाळून लावत होती आणि मला पत्ता नाही. माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर म्हटलं, "तू तुझं पाळणाघर सांभाळ. माझं घर मी बघतो."

तिनं चष्मा काढून पुसला. मामानं उगाच सळ्या मोजायला घेतल्या. जास्त बोललो हे खरं. पण शब्द आणि काँक्रीट, एकदा बाहेर पडलं की परत मिक्सरमध्ये घालता येत नाही.

घरी तारीख सांगितली. ही म्हणाली, "बरं." भांडली असती तर बरं झालं असतं.

सोमवार, १६

प्रश्न सुटला. आज हिनं बाईंना फोन करून नाही म्हणून कळवलं. माझ्यासमोरच केला. "घरातून निघणं नाही जमणार. दुसरं कुणी बघा." आवाज अगदी साधा. नंतर मला म्हणाली, "तुमचं काँक्रीट होऊ दे नीट."

मी म्हटलं, पुढच्या वेळी नक्की. ही समजूतदार आहे, नेहमीच होती. मला हलकं वाटायला हवं होतं, आणि जेवणापर्यंत वाटलंही. मग बाबांनी चेंडू खाली ठेवला. "आज नको," म्हणाले. कालही नकोच म्हणाले होते. ही म्हणते दमले असतील. ते बसून असतात, दमणार कशानं? फ्रिजजवळ खुर्ची होती ती त्यांनी खिडकीकडे वळवून घेतली आहे.

घर अगदी शांत आहे. हिशेबाचे कागद हिनं जेवणाच्या टेबलावरून उचललेत. टेबल इतकं मोठं आहे हे लक्षात आलं नव्हतं.

गुरुवार, १९

उभ्या उभ्या लिहितोय. सकाळी पहिली गाडी आली, दोन्ही पंप चालू. असा दिवस असला की मला दुसरं काही नको असतं. राखाडी लोंढा पाइपातून येतो, व्हायब्रेटरवाले त्यात गुडघाभर, मामा ओरडतोय, आणि पाया भरत जातो. चष्मिष गाड्यांचं बघतेय, एक मिनिट इकडेतिकडे नाही. बोलते, पण कामापुरतंच.

शनिवार, २१

आता सगळं नीट लिहितो.

काल दुपारी जेवणानंतर चष्मिष आणि मामा दोघं केबिनमध्ये आले. चष्मिष म्हणाली, "साहेब, तुम्ही आता निघा. रात्रीच्या इंजिनिअरला लवकर बोलावलंय, तिसरा पंप तयार ठेवलाय. मी सकाळपर्यंत थांबतेय. पोराला त्याचा बाबा आणेल."

"हे कुणी ठरवलं?"

"आम्ही."

मी म्हटलं, काँक्रीट चालू असताना साइटचा साहेब हलत नाही, हे मी शिकलो आणि तुम्हालाही शिकवलं. आणि आता घरी काही नाहीच. ही नाही म्हणाली आहे. पुन्हा तेच, मामा जाऊन बसेल वाटलंच तर.

मामा कधी माझं बोलणं तोडत नाही. काल तोडलं. म्हणाला, "पाठवलंत तर जाईन, साहेब. नाही म्हणणार नाही. पण त्या दिवशी मी त्यांचे कपडे बदलत होतो, तेव्हा ते डोळे घट्ट मिटून बसले होते. म्हातारा माणूस, जन्मभर कुणापुढे वाकला नसेल. मला त्यांना परत लाजवायचं नाही. मी परका आहे हो."

चष्मिष जमिनीकडे बघत होती. बाहेर पंप धडधडत होता. मला माझीच लाज वाटली, आणि ती तोंडावर दिसतेय हेही कळत होतं. वॉकीटॉकी टेबलावर ठेवली. चष्मिषनं ती उचलली आणि लगेच कुणाला तरी गाडी मागे घ्यायला सांगू लागली. माझ्याकडे बघितलंही नाही.

घरी गेलो तर ही माळ्यावरची भांडी काढून घासत बसली होती. मला दारात बघून पांढरी पडली. "काय झालं? कुणाला लागलं?"

दिवसाउजेडी मी न सांगता घरी आलो तर हिला अपघातच सुचला.

"काही नाही. तू जा."

"कुठे?"

"बाईंकडे. चारला आहे ना तुमचं?"

"मी सोमवारीच नाही म्हणून कळवलंय."

"मग आता हो म्हणून कळव."

"काँक्रीट?"

"चालू आहे."

ही माझ्या बुटांकडे बघत राहिली. ओलं सिमेंट होतं, फरशीवर ठसे उठले होते. मग हात पुसून फोन लावला. मला हिच्या बाजूचंच ऐकू येत होतं. "बाई, अजून कुणी... बरं. मी येऊ का? ... हो. तयार आहेत."

कागद तयार होते. नाही म्हणून कळवल्यावरही चार दिवस हिनं बसून सगळा हिशेब पुरा केला होता. कधी केला? मी घरातच तर होतो.

निघताना सवयीनं सांगायला लागली, बाबांची साडेतीनची गोळी, निळ्या डबीत, मग थांबली. "जाऊ दे. त्यांनाच विचारा. त्यांना सगळं माहीत असतं."

बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी समोर स्टूल घेऊन बसलो. फोन खिशात होता, तो मी काढला नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो. बराच वेळ आम्ही दोघं रस्त्यावरच्या गाड्या बघत होतो. मग त्यांच्या डोळ्यांत काहीतरी झालं. नजर दाराकडे गेली आणि परत आली. ही म्हणाली होती तसं. मी विचारलं, "बाथरूम?" त्यांनी मान हलवली.

चार पावलांना वेळ किती लागतो. नाडी मी सोडली. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मी म्हटलं, "फरशीचा उतार चुकलाय इथे, पाणी उलटं जातं." बाबांच्या घशातून आवाज आला. हसले होते.

परत येताना ते फ्रिजपाशी थांबले. डावं बोट चार्टच्या शेवटच्या रकान्यावर ठेवलं. माझ्याच ठळक अक्षरात, मंगळवार आणि शुक्रवारपुढे, 'अडथळे' या शब्दाखाली लिहिलं होतं: बाबा.

"बाबा, तो साइटवरचा शब्द आहे. तिकडे आम्ही सगळ्यालाच..." सतरा दिवस ते त्या कागदासमोरून जेवायला जात होते. "चुकलं माझं," म्हटलं. कागद काढला. चिकटपट्टीबरोबर फ्रिजचा रंगही थोडा निघाला.

बाबांनी कागदाकडे पाहिलं. "अक्षर..." म्हणाले, "अक्षर... चांगलंय." मला रडू आलं. आलं तर आलं.

पाचच्या सुमारास चष्मिषचा फोन. एक पंप तुंबला होता, तिसरा लावला, काम थांबलं नाही, कळवायचं म्हणून कळवतेय. विचारायला नव्हता केला. खोटं कशाला लिहू, मला थोडं लागलं.

ही आली ती दमून, पण पायात चपळाई होती. मंडळींनी खूप प्रश्न विचारले म्हणे, एकाचंही उत्तर अडलं नाही. काम पक्कं झालं. मंगळवारपासून. मी म्हटलं, "मी येईन तीनच्या आत." ही म्हणाली, "हो. तरी समोरच्या काकूंना सांगून ठेवते. तुम्ही नाही आलात तर."

रागानं नाही म्हणाली. पाऊस नसतानाही छत्री घ्यावी, तसं म्हणाली.

आज पहाटे साइटवर गेलो. भरलंय सगळं, एका दमात. सांधा कुठेच नाही, वाकून वाकून पाहिलं. चष्मिषचा नवरा पोराला कडेवर घेऊन तिला न्यायला आला होता, पोर त्याच्या खांद्यावर झोपलेलं. मी तिला म्हटलं, "त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो. तसं बोलायला नको होतं. आणि काम फार चांगलं झालंय."

ती म्हणाली, "साहेब, तुम्ही चांगलं म्हटलंत की आम्हाला वाटतं, काहीतरी चुकलंय." मग हसली. मामाही हसला, जरा जास्तच.

मंगळवार, २४

तीनच्या आधी पोचलो. काकू विणकाम घेऊन आमच्या सोफ्यावर बसलेल्या. म्हटलं, "काकू, मी आलोय. तुम्ही जा आरामात." त्या म्हणाल्या, "बसते थोडी. तुम्हाला फोन आला की जाल ना परत?" आणि पाचपर्यंत बसल्या. मी एकीकडे, त्या एकीकडे, मध्ये बाबा. चेंडू दाबून झाला. काकूंनी माझ्यासमोरच मोजमाप घेतल्यासारखं सगळं पाहिलं.

शुक्रवार, २७

काकू. आज साडेचारला गेल्या.

मंगळवार, ३१

शटरिंगवाल्याशी वाजलं, पोचायला सव्वातीन झाले. काकू दारातच उभ्या होत्या. हिला सांगितलं असणार, तरी हिनं नेहमीसारखं ताट वाढलं.

चष्मिषनं पुढच्या स्लॅबची तारीख गुरुवार धरली आहे. कॅलेंडरवरचे गोल अजून आहेत. मी पुसले नाहीत.

मंगळवार, ७

साइटवरून निघताना मामा म्हणाला, "साहेब, बाबांना सांगा, एक डाव माझ्यावर उधार आहे. येतो रविवारी, नुसता खेळायला."

घरी आलो. कुलूप माझ्या किल्लीनं उघडलं. सोफ्यावर काकू नव्हत्या. आधी वाटलं, बाबांना काही झालं, कुठे नेलं. आत न बघताच समोर जाऊन काकूंची बेल वाजवली. त्या दार उघडून म्हणाल्या, "मला नाही सांगितलं बाई तिनं आज."

परत आलो. बाबा खिडकीशी होते, हातात चेंडू. मी विचारलं, "तुम्ही एकटेच होता? भीती नाही वाटली?"

"पाच... मिनिटं," बाबा म्हणाले. मग नीट दम घेऊन, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "ती म्हणाली... जाताना. काकू... नको आज. तो... येईल."

मी बूट काढले आणि त्यांच्याजवळ स्टुलावर बसलो.